सांडपाण्याचा परवाना

नरकचतुर्दशीची पहाट. तेल, उटणे, सुगंधी साबणाची नवी वडी आणि हंड्यातले कढत पाणी. (आता हंडा गेला आणि गीझर आला, पण वाफ तीच.) पहाटेच्या त्या एका तासात महाराष्ट्रातली घरे अंगावर किती पाणी ओतून घेत असतील, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. कारीट फुटते, ओवाळणे होते आणि फराळाची ताटे मांडली जातात. चकलीचा पहिला तुकडा मोडता मोडता 'अंगावरून उतरलेले ते पाणी आता कोठवर पोहोचले असेल?' असे विचारणारा मनुष्य घरच्या मंडळींना अरसिकच वाटणार. वाचकांची क्षमा मागून आज तो अरसिकपणा करायचा आहे.

माझा धंदा मराठी शिकवण्याचा. तेव्हा प्रारंभ शब्दापासून करतो. 'सांडणे' म्हणजे जुन्या मराठीत नुसते हातून निसटणे नव्हे. सांडणे म्हणजे टाकून देणे, सोडून देणे, ज्याच्याशी आपला संबंध उरला नाही असे करणे. सांडपाणी या शब्दातच आपली वृत्ती उतरली आहे. मोरीच्या भोकातून ते गेले, की आपण त्याचे कोणी लागत नाही आणि ते आपले कोणी लागत नाही!

पण आपल्या आज्या-पणज्या इतक्या बेपर्वा नव्हत्या. जुन्या घरांची मोरी आठवा. तिचे पाणी मागल्या परसात जाई आणि तेथे अळूचा दाट वाफा असे. शेजारी केळीचे दोन-चार खुंट आणि लाल-पिवळ्या फुलांची कर्दळ. भांडी राखेने घासलेली, अंघोळ दोन तांब्यांची, त्यामुळे पाणी थोडे आणि त्यातली घाणही मातीला पचेल अशी. अळूवडीच्या रूपाने त्यातले काही ताटात परतही येई. पुढे नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने वनस्पतींच्या मुळांकरवी सांडपाणी शुद्ध करण्याची 'फायटोरिड' नावाची पद्धत बसवली. अशा वाफ्यांतून जी झाडे लावतात त्यांत आपली कर्दळही असते. आजीला पेटंट घेण्याचे सुचले नाही, इतकेच.

आज माणशी रोज १३५ लिटर पाणी हा शहरी पुरवठ्याचा रूढ सरकारी हिशेब आहे, आणि त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते असे धरतात. म्हणजे माणशी १०८ लिटर. राखेची जागा पावडरीने घेतली. परसाची जागा तर उरलीच नाही. तेथे भाड्याच्या खोल्या उठल्या.

या खोल्या पाहायच्या असतील तर पिंपरी-चिंचवड ओलांडून इंद्रायणीच्या उत्तरेला यावे. १९५४ साली पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पाहता पाहता पवनाकाठची गावे एकमेकांत मिसळून गेली. १९७० साली तेथे नगरपालिका आली, १९८२ साली महापालिका. हे लोण मग नदी ओलांडून चाकणला गेले. ज्या चाकणने १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याच्या हाताखाली शाइस्तेखानाला सुमारे दोन महिने थोपवून धरले, ते मोटारींच्या कारखान्यांपुढे एका दशकातच शरण गेले! कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाला २०१५ साली नगरपरिषद मिळाली. परंतु महाळुंगे, निघोजे, कुरुळी, चिंबळी ही भोवतालची गावे ग्रामपंचायतींच्याच कारभाराखाली वाढली. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार, जेथून म्हणून तरुण पोरे निघाली ती येथे येऊन एकेका खोलीत चार-चार राहिली. ग्रामपंचायतीच्या दप्तरात गाव लहानच राहिले. मोरीच्या हिशेबाने पाहाल तर ते नगर झाले.

आता इंद्रायणीकडे पाहा. तिच्या दक्षिण काठावर तळवडे, चिखली, मोशी ही महापालिकेची हद्द. महापालिकेने जागोजाग मैलाशुद्धीकरणाची केंद्रे बांधली आहेत आणि त्यांची एकत्रित क्षमता रोजच्या तीनशे दशलक्ष लिटरांच्या वर आहे. ती सगळी पुरी पडतात असे कोणी म्हणत नाही. पण निदान केंद्रे आहेत, अभियंते आहेत, अर्थसंकल्पात रक्कम आहे. उत्तर काठावर ग्रामपंचायती. तेथे अभियंता नाही, रक्कम नाही, आणि ओढा मात्र आहे. एकाच नदीच्या दोन काठांवर दोन राज्ये असावीत तसा हा प्रकार आहे. नदीला हद्द कळत नाही. खाली आळंदीच्या बंधाऱ्यावरून पाणी पडते तेव्हा त्यावर पांढरा फेस उभा राहतो, आणि २०२३ पासून या फेसाची छायाचित्रे वर्तमानपत्रांतून पुन:पुन्हा येत आहेत. फेस कोणाचा यावर कारखाने गावांकडे बोट दाखवतात, गावे शहराकडे, शहर वरच्या गावांकडे.

हे पाणी आळंदीला थांबत नाही. तुळापूरला इंद्रायणी भीमेला मिळते. पिंपरी-चिंचवडची पवना दापोडीपाशी मुळेत शिरून पुण्याच्या मुठेला घेऊन शेवटी त्याच भीमेत येते. भीमा उजनीच्या जलाशयात जाते. सोलापूर शहर ते पाणी पिते. उजनीच्या खाली पंढरपूर, आणि तेथे भीमेलाच चंद्रभागा म्हणतात. देहू-आळंदीहून पालख्या वर्षातून एकदा रस्त्याने पंढरपुरास जातात. आपले सांडपाणी बाराही महिने नदीने जाते. वारकरी तेथे पोहोचून स्नान करतो ते कोणत्या पाण्यात, हे पुरते ध्यानी आले म्हणजे अंगावर काटा येतो.

इतके सगळे होत असताना कायदा काय करीत होता? वाचकांना आश्चर्य वाटेल, पण कायदा या कामी मुळीच आळशी नव्हता. जलप्रदूषणाला आळा घालणारा महाराष्ट्राचा स्वत:चा कायदा १९६९ सालचा, म्हणजे केंद्राच्या कायद्याआधी पाच वर्षे. त्याखाली ७ सप्टेंबर १९७० रोजी आपले प्रदूषण नियंत्रण मंडळ जन्मास आले. केंद्राचा कायदा १९७४ साली झाला आणि १९८१ साली तो महाराष्ट्राने स्वीकारला. त्यातले २५ वे कलम हे या लेखाचे खरे नायक. मंडळाच्या आगाऊ संमतीवाचून कोणीही सांडपाणी बाहेर सोडणारा उद्योग किंवा शुद्धीकरणाची व्यवस्था उभारू नये, सांडपाणी सोडण्यासाठी नवे तोंड उघडू नये, नवा प्रवाह सोडू नये, मग तो नदी-ओढ्यात असो, विहिरीत असो, गटारात असो की जमिनीवर असो, असे ते कलम सांगते. संमती दोनदा घ्यायची: एकदा उभारण्यापूर्वी, एकदा चालविण्यापूर्वी. लोक तिला परवाना म्हणतात, कायदा संमती म्हणतो. कायद्याने निवडलेला शब्द मला अधिक आवडतो. परवाना वरून सुटतो. संमतीत दोन पक्ष असतात, अटी असतात, आणि अटी मोडल्या तर ती परतही घेता येते.

'कोणीही' या शब्दात ग्रामपंचायत येते की नाही? सरळ वाचणाऱ्याला तरी येते असेच दिसेल. पण व्यवहारात काय घडते ते पाहा. एखाद्या गावाने धाडस करून लहानसे शुद्धीकरण केंद्र बांधायचे ठरवले, की त्याला अर्ज आला, नकाशे आले, शुल्क आले, दोन संमत्या आल्या, नमुन्यांची तपासणी आली. शेजारच्या गावाने काँक्रीटचे नवे गटार बांधले, त्याचे तोंड ओढ्यात काढले, नारळ फोडला आणि पेढे वाटले. ते गटारही कायद्याच्या शब्दांत 'नवे तोंड'च आहे, हे त्या समारंभात कोणाच्याही मनात येत नाही. जो धुऊन सोडतो त्याची चौकशी होते. जो तसेच सोडतो त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. मग शुद्धीकरणाची संमती हा अडथळा वाटू लागतो, आणि पुढारी म्हणतात, लहान गावांना तरी या कागदातून सोडा.

माझे मत नेमके उलट आहे. कागद सोडू नये. तो आधी उघड्या गटाराकडे मागावा. आणि लहान गावाला पाळता येईल असा तो लिहावा. असे का, ते सांगण्यासाठी थोडे घागरींचे गणित करतो. भाषेच्या मास्तराचे गणित असले तरी ते तपासून घेतले आहे.

पाण्यातली घाण मोजण्याचे एक माप आहे, त्याला बीओडी म्हणतात. पाण्यातले जंतू ती घाण खाताना किती प्राणवायू ओढून घेतात, ते हे माप सांगते. विलायतेत ते पाच दिवस २० अंशांवर नमुना ठेवून मोजीत; आपल्या उष्ण देशात तीन दिवस २७ अंशांवर मोजतात. कच्च्या घरगुती सांडपाण्यात हा आकडा लिटरमागे दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम असतो. नदीत अंघोळ करायची तर तो तीनच्या आत हवा.

समजा, नदीचे मूळ पाणी चांगले आहे, बीओडी दोन. त्यात अडीचशे बीओडीची कच्च्या सांडपाण्याची एक घागर ओतली. मिश्रण तीनच्या आत ठेवण्यास नदीच्या किती घागरी लागतील? जवळजवळ अडीचशे. तेच पाणी तीसपर्यंत शुद्ध करून सोडले तर सत्तावीस. आणि दहापर्यंत आणले तर अवघ्या सात. (नदी वाहता वाहता स्वत:लाही थोडी शुद्ध करते, ते येथे धरलेले नाही.)

हा विचार जुना आहे. इंग्लंडात सांडपाण्यावर एक रॉयल कमिशन १८९८ पासून बसले होते. त्याने १९१२ साली सांगितले की शुद्ध केलेल्या पाण्याचा बीओडी २० आणि गाळ ३० च्या आत असावा. पण याला एक अट होती. ज्या नदीत ते पाणी सोडायचे तिच्यात निदान आठपट स्वच्छ पाणी हवे. 'वीस-तीस' हे आकडे जगभर पसरले, आठपटीची अट मात्र वाटेत गळाली. इंग्लंडच्या नद्यांवर बारमाही भुरभुर पाऊस पडतो. आपल्या इंद्रायणीला चार महिने पूर आणि मग धरणातून सोडतील तितकेच पाणी. एप्रिलमध्ये पात्रात जे वाहते त्यातले पुष्कळसे तर वरच्या गावांचे सांडपाणीच असते. तेव्हा आठ घागरी आणायच्या कोठून?

म्हणूनच आकडा नदीकडे पाहून ठरवावा लागतो. केंद्र सरकारने २०१७ च्या ऑक्टोबरात मैलाशुद्धीकरण केंद्रांसाठी मर्यादा काढल्या: महानगरांत बीओडी २०, इतरत्र ३०. ३० एप्रिल २०१९ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने त्या सैल ठरवल्या आणि सर्वत्र १० असावा असे सांगितले. घागरींच्या भाषेत हा सत्तावीस आणि सातमधला फरक आहे. केंद्रीय मंडळाने २०१८ साली देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली, त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रात होते. २०२२ च्या यादीत देशाचा आकडा ३११ वर आला आणि आपला ५५ वर गेला. पहिला नंबर आपण सोडला नाही!

कागदावर दहा लिहिणे सोपे. पाण्यात दहा आणणे कठीण, आणि लहान वस्तीला तर फार कठीण. याचा अनुभव मोठ्या सोसायट्यांतून पुरेसा आला आहे. २० हजार चौरस मीटरांवरच्या बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणाची मंजुरी लागते आणि तिच्यासोबत स्वत:चे शुद्धीकरण केंद्र येते. बांधणारा ते बांधतो, संमती घेतो, किल्ल्या सोसायटीच्या हाती देतो आणि निघून जातो. तळघरात हवा फुंकणारे यंत्र रात्रंदिवस चालायला हवे, कारण घाण खाणाऱ्या जंतूंना श्वास लागतो. विजेचे बिल आले, की समितीच्या सभेत कोणीतरी शहाणा विचारतो, हे यंत्र रात्री बंद ठेवले तर? यंत्र बंद होते, जंतू मरतात, आणि पुढे केंद्रातून पाणी जाते ते केवळ फिरायला गेल्यासारखे जाते नि परत येते. २०२२ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेने अशा सोसायट्यांचे पाणी तोडण्याचा इशारा दिला तेव्हा मोठी ओरड झाली. बांधणाऱ्याचे पाप आमच्या माथी का, असा रहिवाशांचा सवाल होता, आणि तो अगदीच गैर नव्हता.

सुशिक्षित, सधन सोसायटीची ही गत, तर ग्रामपंचायतीच्या गळ्यात तेच यंत्र बांधून काय साधणार? गावाला यंत्रापेक्षा जागा आणि वेळ यांवर चालणारी रीत सोसते. उथळ तळ्यांची एक माळ करावी, पाणी त्यांतून दिवसेंदिवस सावकाश सरकावे, ऊन आणि शेवाळ आपापले काम करतील. किंवा खडीच्या वाफ्यात कर्दळ आणि लव्हाळे लावून पाणी मुळांतून झिरपवावे. मोरीच्या पाण्यापुरता शोषखड्डाही चालतो. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे करून गटारेच हद्दपार केली आणि 'नांदेड पॅटर्न' म्हणून ते नावाजले गेले. मात्र शोषखड्डा म्हणजे सर्वत्र लागू पडणारी मात्रा नव्हे. काळ्या चिकण जमिनीत पाणी जिरत नाही, आणि संडासाचे पाणी विहिरीजवळच्या खड्ड्यात जिरवणे म्हणजे आजार जमिनीत पुरून विहिरीतून उपसणे. चाकणच्या भागात दुसरी अडचण जागेची. जेथे गुंठ्याचा भाव ऐकून छाती दडपते, तेथे तळ्यासाठी दोन एकर कोण सोडील? पण कारखान्यांसाठी शेकडो एकर जमीन घेतली गेली, तेव्हा त्या कारखान्यांत राबणाऱ्यांच्या मोरीसाठी दोन एकर राखायला हवे होते, असे म्हणणे फार झाले काय?

संमती पाळता येईल अशी लिहावी म्हणतो ती येथे. अमेरिकेने १९७२ च्या कायद्यात असाच परवाना आणला. तो निदान दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो, पाण्याचे मोजमाप परवानाधारकाने स्वत: करून कळवायचे असते, आणि कळवलेले आकडे लोकांना पाहता येतात. एकसारख्या लहान केंद्रांसाठी एकच सामाईक परवाना काढण्याचीही तेथे सोय आहे: अटी एकदाच लिहायच्या, गावाने फक्त आपले नाव, ठिकाण आणि आकडे भरून त्यात सामील व्हायचे. इंद्रायणीच्या उत्तर काठावरच्या सगळ्या ग्रामपंचायतींना मिळून अशी एक संमती द्यायला आपल्याकडे काय हरकत आहे? शेवटचा आकडा दहाचा असू द्या; पण तो गाठायची पायरी-पायरीने मुदत, गाळ कोठे टाकायचा ते ठिकाण आणि नमुना कोणी कधी घ्यायचा ते, असे तिघेचौघे मुद्दे साध्या मराठीत लिहून द्यावेत. आजच्या संमतीपत्रांची मराठी वाचून माझ्यासारख्याला घाम फुटतो. सरपंचाची काय कथा!

कायद्यात आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या फारशा कोणाला ठाऊक नसतात. पहिली अशी: अर्जावर मंडळाने चार महिन्यांत होय की नाही सांगितले नाही, तर संमती मिळालीच असे समजायचे, आणि तीही बिनशर्त. म्हणजे कचेरीतली फाईल झोपली, की गावाला मोकळे रान आणि नदीला वाली नाही. दुसरी गोष्ट जास्त मोलाची. कोणाला कोणत्या अटींवर संमती दिली याची नोंदवही मंडळाने ठेवायची असते, आणि त्या पाण्याशी ज्याचा संबंध येतो किंवा ज्याला त्याची झळ पोहोचते अशा कोणाही माणसाला ती कचेरीच्या वेळात उघडून पाहता येते. आळंदीला महिनाभरातच कार्तिकी एकादशीची यात्रा भरेल. इंद्रायणीत बुडी मारणाऱ्या प्रत्येक वारकऱ्याला, उजनीचे पाणी पिणाऱ्या प्रत्येक सोलापूरकराला झळ पोहोचते की नाही? मग ती वही पाहायला त्याला कोण अडवणार?

पण वहीत निघोजे-कुरुळीचे पान असायला आधी कोणीतरी अर्ज करायला हवा, आणि अर्जात पहिलाच प्रश्न असतो: पाणी किती, आणि सोडणार कोठे? या प्रश्नाच्या उत्तरासाठी सल्लागार नेमावा लागतो अशी समजूत आहे. प्राथमिक अंदाजाला १५ लिटरची बादली आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ पुरते. गटाराचे तोंड जेथे ओढ्यात पडते तेथे बादली धरावी. सकाळी सहाला, दुपारी, संध्याकाळी दिवे लागताना आणि मध्यरात्री, असे आठवडाभर मोजावे आणि सरासरी काढावी. सरासरीने बादली तीन सेकंदांत भरत असेल, तर त्या एका तोंडातून दिवसाला ४ लाख ३२ हजार लिटर पाणी जाते. माणशी १०८ लिटरांनी भागले तर ती चार हजार माणसे झाली. ग्रामपंचायतीच्या दप्तरात त्या आळीची वस्ती किती लिहिली आहे, ते शेजारी मांडून पाहावे आणि दोन्ही आकडे अर्जात लिहावेत.